मिलच्या बालपणींचीं पुस्तकें

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याचें नांव आगरकरांच्या पिढीपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षितांच्या परिचयाचें आहे. त्याचे ग्रंथ वाचून आपल्याकडील अनेक तरुण स्वतंत्रपणें विचार करूं लागले. परंतु हा ग्रंथकार बाळपणीं कोणत्याही शाळेंत गेला नव्हता, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

त्याचा जन्म लंडन शहरीं ता. २० मे १८०६ रोजीं झाला. बाप जेम्स मिल हा स्कॉटलंडांतील एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. लेखणीच्या जोरावर तो कुटुंब पोशीत होता, आणि त्याच सुमारास हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहावयास बसला होता. (हिंदुस्थानांत मात्र त्यानें जन्मांत कधीं पाऊल टाकलें नाहीं!) मुलाचें शिक्षण त्यानें सर्वस्वीं आपल्या हातीं ठेविलें. कोणतें पुस्तक केव्हां द्यावयाचें, हें तो स्वतःच ठरवी.

ग्रीक भाषेला आरंभ झाला तो तिसऱ्या वर्षीं. बापानें पत्त्यांवर ग्रीक शब्द व त्यांचे अर्थ लिहून दिले. मग इसापच्या गोष्टी, मग झेनोफन, मग हिरोडोटस. त्या काळीं ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजींत देणारा कोश नव्हता, आणि लॅटिन तर मुलास अजून येत नव्हतें. म्हणून ज्या मेजाशीं बाप इतिहास लिहीत बसे, त्याच मेजाशीं मुलगा बसे आणि अडलेला प्रत्येक शब्द त्यास विचारी. जेम्स मिल स्वभावानें अत्यंत उतावळा. तरीही हा व्यत्यय सोशीत त्यानें इतिहासाचे कित्येक भाग पुरे केले. बापाच्या कठोरपणाविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. त्यांनीं हें मेजही एकदां डोळ्यांपुढें आणावें.

इंग्रजी पुस्तकें मुलगा आपलीं आपण वाची. ह्यूम, गिबन, रॉबर्टसन यांचे इतिहास वाचीत असतां तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपणें करी, आणि न्याहारीपूर्वीं बापाबरोबर फिरावयास जातांना त्यांवरून वाचलेला भाग सांगे. संकटांतून मार्ग काढणाऱ्या धाडसी पुरुषांचे वृत्तांत बापास विशेष प्रिय. म्हणून ॲन्सनची जलयात्रा, न्यू साउथ वेल्समधील पहिल्या वसाहतीची हकीकत, असलीं पुस्तकें तो मुद्दाम मुलाच्या हातीं देई. करमणुकीचीं पुस्तकें वर्ज्य नव्हतीं, पण तीं बेतानेंच मिळत. अरबी गोष्टी व डॉन क्विक्झोट बापानें दुसऱ्यांकडून मागून आणलीं. खेळणीं जवळजवळ नव्हतींच. रॉबिन्सन क्रूसो मात्र त्याच्यापाशीं होता, आणि साऱ्या बाळपणांत त्याची गोडी ओसरली नाहीं.

ही निवड सर्वत्र साधली असें नाहीं. सातव्या वर्षीं प्लेटोचे संवाद वाचावयास दिले, त्यांपैकीं एक तर मुलाच्या बुद्धीच्या आटोक्याबाहेरचा होता. आठव्या वर्षीं लॅटिन आलें, आणि शिकलेला पाठ धाकट्या बहिणीस शिकविण्याचें कामही गळ्यांत पडलें. तें त्यास मुळींच आवडत नसे. बाराव्या वर्षीं तर्कशास्त्र, तेराव्या वर्षीं अर्थशास्त्र. परंतु घोकंपट्टी नव्हती. जें स्वतःच्या विचारानें उमगण्यासारखें असे, तें बाप आधीं सांगत नसे.

१८२३ सालीं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत बापाच्या हाताखालीं नोकरीस लागला. तेथें त्यानें ३५ वर्षें काढलीं. परंतु १८२६ च्या शरदृतूंत, वीस वर्षांच्या वयांत, त्याचें मन एकाएकीं विझल्यासारखें झालें. ज्या समाजसुधारणेसाठीं त्यास घडविलें होतें, ती सारी सिद्धीस गेली तरी आपणांस सुख होईल काय, असें त्यानें स्वतःस विचारलें, आणि उत्तर नकारार्थी आलें. प्रत्येक गोष्टीचें पृथक्करण करण्याची संवय लागली होती. तिनें भावनेचें मूळच खाल्लें, असें त्यास वाटूं लागलें. हें दुःख बापास सांगण्यांत अर्थ नव्हता; ज्याच्या योजनेचें हें फळ, त्यास तें कळविणें म्हणजे त्याच्या जन्माचे श्रम व्यर्थ गेले असें सांगण्यासारखेंच!

कांहीं महिन्यांनीं मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतां वाचतां एक प्रसंग आला. बाप वारलेला, कुटुंब निराधार, आणि बापाची जागा मीच भरून काढीन असा एका लहान मुलाचा निश्चय. तें वाचून मिलच्या डोळ्यांस पाणी आलें. आपलें अंतःकरण अद्याप दगड झालेलें नाहीं, हें त्यास त्या अश्रूंनीं कळलें. पुढें १८२८ सालीं त्यानें वर्डस्वर्थच्या कविता उघडल्या. त्यांतील डोंगर, झरे आणि साधीं माणसें यांनीं त्याचें मन हळूहळू पुन्हां ओलें केलें. हीं दोन्ही पुस्तकें बापाच्या पाठांतलीं नव्हतीं.

तरी बापाच्या शिक्षणाचा त्यानें कधीं धिक्कार केला नाहीं. त्या शिक्षणामुळें आपण बरोबरीच्या तरुणांच्या पाव शतक पुढें निघालों, असें तो मानी. १८७३ सालीं फ्रान्समधील आव्हीन्यों येथें तो वारला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रांत बाळपणींच्या पुस्तकांचीं नांवें एकामागून एक दिलेलीं आहेत. तत्त्वज्ञांच्या व इतिहासकारांच्या त्या गर्दींत रॉबिन्सन क्रूसोही आहे.