पाय वाचवण्यासाठी टीम उभी करणारे डॉक्टर : इलियट जोसलिन

घरात कुणाला मधुमेह असेल, तर पायाच्या जखमेची धास्ती तुम्हाला नवीन नसेल. चप्पल लागते, फोड येतो, काही दिवसांत बोट काळे पडते आणि डॉक्टर पाय कापण्याविषयी बोलू लागतात. घरचे नशिबाला दोष देतात. पण यातले बरेच पाय वाचवता येतात, हे सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी ठामपणे मांडले. त्यांचे नाव इलियट जोसलिन.

आईचे नाव रुग्णांच्या वहीत

जोसलिन यांचा जन्म १८६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या लहान गावी झाला. वडिलांचा बूट बनवण्याचा कारखाना होता. हार्वर्डमधून १८९५ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांनी १८९८ मध्ये बॉस्टनला दवाखाना सुरू केला. विद्यार्थी असल्यापासूनच ते मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची वहीत नोंद ठेवत. पुढे त्याच वहीत त्यांच्या आईचेही नाव आले. तेव्हा इन्सुलिन नव्हते. आहार काटेकोर सांभाळून आई त्यानंतर दहा वर्षांहून अधिक जगली. रोजची शिस्त किती मोलाची असते, हे त्यांनी घरातच पाहिले.

रुग्णाला स्वतःचा आजार समजलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून १९१८ मध्ये त्यांनी खास रुग्णांसाठी मधुमेहावर पुस्तक लिहिले.

इन्सुलिन आले, नवे संकट दिसू लागले

१९२२ मध्ये जोसलिन यांच्या रुग्णांना इन्सुलिन मिळू लागले. साखर अतोनात वाढून बेशुद्धीत होणारे मृत्यू कमी झाले. रुग्ण अधिक वर्षे जगू लागले आणि तेव्हा दीर्घकाळच्या मधुमेहाचे दुष्परिणाम ठळक झाले. त्यातला एक म्हणजे गँग्रीन, म्हणजे पायाचा भाग सडणे.

असे का होते? मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे जखम झालेली कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखम भरायला लागणारे रक्त पोहोचत नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला की धोका झपाट्याने वाढतो. सुरुवात मात्र साधीच असते: घट्ट बूट, घरी ब्लेडने कापलेली कुरूप, गरम पाण्याच्या पिशवीचा चटका.

१९३४ मध्ये जोसलिन यांनी गँग्रीनच्या धोक्यावर लेख लिहिला. हे संकट आकाशातून पडत नाही, ते आपल्या हातातल्या गोष्टींतून उभे राहते, असा त्याचा आशय होता.

एकटा डॉक्टर पुरत नाही

बॉस्टनच्या डीकनेस रुग्णालयात त्यांनी वेगवेगळ्या जाणकारांना एकत्र आणले. साखर सांभाळायला फिजिशियन, जखमेसाठी लेलँड मॅककिट्रिक यांच्यासारखे सर्जन, नखे आणि कुरूप नीट काढणारे पायांचे तज्ज्ञ, आणि शिकवणाऱ्या नर्स. या नर्स रुग्णांच्या घरीही जात. पुढे मॅककिट्रिक आणि सहकाऱ्यांनी शक्य तिथे पूर्ण पाय न कापता फक्त पुढचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. टाच वाचली की माणूस स्वतःच्या पायावर चालू शकतो.

जोसलिन उतारवयातही रुग्ण तपासत राहिले. १९६२ मध्ये, ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुम्ही आज काय करू शकता

आजच्या टीममध्ये रक्तवाहिन्यांचे सर्जनही असतात. अडलेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून अनेकदा मोकळी करता येते. म्हणून पाय कापण्याचा सल्ला मिळाला, तर पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का आणि तो सुधारता येईल का, हे जरूर विचारा. मात्र संसर्ग अंगात पसरत असेल, तर जीव वाचवण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी चालढकल करू नका.

• रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. दिसत नसेल तर आरसा घ्या किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
• घरातही अनवाणी चालू नका. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, ते बघा.
• पाय शेकू नका. कुरूप घरी कापू नका.
• बिडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद करा.
• वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना आणि नाडी तपासून घ्या.
• चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागत असेल, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा.

जखम, फोड, सूज, लाली, पू किंवा काळा डाग दिसला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप आला किंवा पाय अचानक थंड आणि पांढरा पडला, तर थेट रुग्णालय गाठा.

जोसलिन यांच्या टीममध्ये सर्वांत महत्त्वाची जागा रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची होती. ती आजही तुमचीच आहे.