कावेरीतीरीचे संत त्यागराज

तंजावरचे नाव निघाले की मराठी मनाला अभिमान वाटतो. व्यंकोजीराजांनी स्थापिलेले तेथील मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि सरफोजीराजांनी वाढविलेला सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह आजही अभ्यासकांना आकर्षित करतो. याच राज्यात, राजवाड्यापासून अवघ्या तीन-चार कोसांवर, एक महापुरुष राजाश्रयावाचून नांदत होता. ते म्हणजे संत त्यागराज.

त्यागराजांचा जन्म १७६७ साली तिरुवारूर येथे झाला. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामा शास्त्री व मुत्तुस्वामी दीक्षित यांचेही जन्मगाव हेच. त्यागराज लहान असतानाच त्यांचे कुटुंब कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे स्थायिक झाले. संगीताचे शिक्षण त्यांना तंजावर दरबारचे गायक शोंटी वेंकटरमणय्या यांच्यापाशी मिळाले. अशा गुरूच्या शिष्याला दरबाराची वाट मोकळीच होती. परंपरा सांगते की, राजाचे बोलावणे व नजराणा आला असता त्यागराजांनी तो परत पाठविला. या नकाराने संतापलेल्या वडील बंधूंनी त्यांच्या पूजेतील राममूर्ती कावेरीत टाकल्या, व पुढे त्या त्यांना पुन्हा लाभल्या, अशीही कथा आहे. धन सुखदायी की रामसान्निध्य, असा प्रश्न त्यांनी कल्याणी रागातील एका कृतीत स्वतःच्याच मनाला विचारला आहे.

त्यांचा चरितार्थ उंछवृत्तीवर चाले. आपल्याकडील माधुकरीशी तिचे जवळचे नाते आहे. मुखाने नामसंकीर्तन करीत गावातून फिरावे आणि मिळेल त्या धान्यावर कुटुंबाचा व शिष्यांचा निर्वाह करावा, असा हा क्रम होता. त्यांच्या सुमारे सातशे रचना आज उपलब्ध आहेत. नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती हा त्यांचा मुकुटमणी होय. ‘प्रह्लाद भक्ति विजयमु’ आणि ‘नौका चरित्रमु’ ही त्यांची संगीतनाटके.

आपणां परप्रांतस्थ मराठी कुटुंबांना या चरित्रातील एक गोष्ट विशेष चिंतनीय वाटावी. त्यागराजांचे घराणे तेलुगू होते, प्रदेश तमिळ होता आणि राज्य मराठी होते. पूर्वजांचा प्रदेश दूर राहिला, तरी घरातील भाषा त्यांनी टाकली नाही. बहुतेक सर्व रचना तेलुगूतच केल्या. मात्र त्या भाषेभोवती त्यांनी कुंपणही घातले नाही. तमिळ शेजाऱ्यांनी ती गीते आपली मानली. ती जतन करणाऱ्या प्रमुख शिष्यांत वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्र समाजातील होते.

अंतसमयी संन्यास घेऊन ६ जानेवारी १८४७ रोजी, पौष वद्य पंचमीस, त्यागराज समाधिस्थ झाले. पुढे त्यांची समाधी दुर्लक्षित राहिली. बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी समाजातील विदुषीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वतःच्या कमाईतून तेथे मंदिर उभारले. तेथील आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, तेव्हा त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. पुढे १९४० च्या सुमारास दोन्ही प्रवाह एक झाले. आज पुण्यतिथीस शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात.

आपल्या मुलांनी घरी मराठी बोलावे, ही आपणां सर्वांची तळमळ असते. ती भाषा शेजाऱ्याच्याही कानी गोड लागावी असे काही आपल्या हातून घडावे, हा त्यागराजांच्या जीवनाचा बोध आहे.