मोटार-प्रवासिनी ईडिथ व्हार्टन

मोटार म्हणजे धनिकांचे गोंगाटी खेळणे, असे ज्या काळी समजले जाई, त्या काळी तिला ज्ञानाचे व पुढे सेवेचे साधन करणाऱ्या एका थोर अमेरिकन लेखिकेचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे संक्षेपाने ठेवीत आहो.

ईडिथबाईंचा जन्म २४ जानेवारी १८६२ रोजी न्यूयॉर्क येथील सधन घराण्यात झाला. बालपणीची काही वर्षे आईबापांसमवेत युरोपात गेली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही; वडिलांचा ग्रंथसंग्रह हीच त्यांची पाठशाळा. १८८५ साली एडवर्ड व्हार्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०५ सालच्या ‘द हाउस ऑफ मर्थ’ या कादंबरीने त्यांस मोठी कीर्ती मिळाली.

त्यापूर्वीच, १९०४ साली, बाईंनी फ्रान्समध्ये पानार कंपनीची मोटार विकत घेतली होती. १९०६ व १९०७ साली त्यांनी मोटारीने फ्रान्स देश पालथा घातला. १९०७ च्या सफरीत पती व विख्यात कादंबरीकार हेन्री जेम्स हे सोबत होते. जॉर्ज सांद या लेखिकेचे नोआं येथील घर पाहून मंडळी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी व तेथून प्रोव्हान्स प्रांतात गेली. या प्रवासांचे वर्णन १९०८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आगगाडी प्रवाशास वेळापत्रकात बांधते व नगराच्या परसदारी, स्थानकावर, नेऊन सोडते. मोटारीने मात्र नगरात राजरस्त्याने शिरता येते, आणि आगगाडी जेथे थांबत नाही असे खेडे व तेथील जुने देवालयही पाहता येते, हे त्यांनी त्यात मार्मिकपणे दाखविले आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटले. तेव्हा बाईंचे वास्तव्य पॅरिस येथे होते. काम गमावलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी शिवणकामाची उद्योगशाळा काढली, निर्वासितांसाठी आश्रयगृहे उभारली. १९१५ साली त्या मोटारीने थेट आघाडीपर्यंत गेल्या व व्हर्दं येथील रुग्णालयांस काय हवे, ते त्यांनी समक्ष पाहिले. ज्या देशाचे सौंदर्य डोळे भरून पाहिले, त्याचीच जळकी गावे पाहण्याचा प्रसंग त्यांवर आला; परंतु त्या मागे फिरल्या नाहीत. १९१६ साली फ्रान्सने त्यांस ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. १९२१ साली कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ११ ऑगस्ट १९३७ रोजी फ्रान्समध्येच त्यांचे देहावसान झाले.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी वाहन आहे. सुटीत मुलाबाळांस घेऊन निघावे, वाटेतील गाव थांबून पाहावे, तेथील माणसांशी बोलावे. आणि त्याच गावावर संकट आले असता वाहन पुन्हा तिकडे वळवावे, एवढे या चरित्रापासून घेतले तरी आम्ही हा लेख सार्थकी लागला असे समजू.