विश्वसंगीताचा उपासक

ताणलेली तार छेडली की एक स्वर निघतो. तीच तार मध्यावर दाबून छेडली, तर तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. स्वर आणि संख्या यांचे हे नाते प्राचीन ग्रीसमधील पायथागोरसच्या अनुयायांनी ओळखले होते. आकाशातील ग्रहही अशाच प्रमाणबद्ध गतीने फिरतात व त्यांतून संगीत निर्माण होते, अशी त्यांची श्रद्धा होती. सुमारे दोन हजार वर्षांनंतर या कल्पनेने एका जर्मन गणितज्ञाला वेड लावले. त्याचे नाव योहानेस केप्लर.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी झाला. बालपणी देवी आल्यामुळे त्याची दृष्टी कायमची अधू झाली. परंतु १५७७ साली आईने त्याला उंच जागी नेऊन धूमकेतू दाखविला आणि आकाशाची ओढ त्या बालमनात रुजली.

पुढे तो ग्राट्स येथे गणिताचा शिक्षक झाला. प्लेटोने वर्णिलेल्या पाच सुसम घनाकृतींवरून ग्रहांची अंतरे ठरली असावीत, असे त्याला वाटले. ही मोहक कल्पना पडताळून पाहण्यास अचूक निरीक्षणे हवी होती. ती टायको ब्राहे या ज्योतिर्विदाजवळ होती. म्हणून १६०० साली केप्लर प्राग येथे गेला. पुढच्याच वर्षी टायको मरण पावला व त्याच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या.

वर्तुळ हीच परिपूर्ण आकृती, असे ग्रीक ज्योतिषी मानीत. केप्लरनेही मंगळाची कक्षा वर्तुळाकार धरून कित्येक वर्षे गणित केले. अखेर गणित व निरीक्षण यांत केवळ आठ कलांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा, फरक उरला. दुसऱ्या एखाद्याने तिकडे काणाडोळा केला असता; पण टायकोच्या नोंदी इतक्या चुकणार नाहीत, हे केप्लर जाणत होता. त्याने आपले आवडते वर्तुळ सोडून दिले. मंगळ लंबवर्तुळात फिरतो, हे सत्य त्याने १६०९ मध्ये जगापुढे मांडले.

त्यानंतर त्याच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. १६११ मध्ये पत्नी व एक मुलगा निवर्तले. वृद्ध आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. तिच्या बचावासाठी तो स्वतः झटला आणि १६२१ मध्ये तिची सुटका झाली. १६१८ च्या आरंभी त्याची लहान मुलगी वारली. तशाही स्थितीत तो ग्रहांच्या गतींतील सुसंवाद शोधीतच होता. त्याच वर्षी मे महिन्यात तो त्याला गवसला. ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग आणि सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन यांचे गुणोत्तर सर्व ग्रहांच्या बाबतीत एकच असते!

१५ नोव्हेंबर १६३० रोजी केप्लर कालवश झाला. पुढे युद्धाच्या धुमाळीत त्याची कबरही नाहीशी झाली. पाच घनाकृतींची त्याची कल्पना खरी ठरली नाही. परंतु त्याचे नियम आजही अभ्यासले जातात. ग्रीकांच्या स्वप्नावर त्याने जिवापाड प्रेम केले. पण सत्यावर त्याहूनही अधिक केले. म्हणूनच कानांना न ऐकू येणारे ते विश्वसंगीत त्याला गणितात सापडले.