Explained: बर्गर थेट प्रगतिपुस्तकावर कसा पोहोचला? रे क्रॉक यांची गोष्ट

मॅकडोनाल्ड्सचे संस्थापक म्हणून अनेकांना रे क्रॉक हेच नाव आठवते. पण कंपनीच्या नावातले मॅकडोनाल्ड म्हणजे कॅलिफोर्नियातले दोघे भाऊ, रिचर्ड आणि मॉरिस. शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये १९०२ साली जन्मलेले क्रॉक पन्नाशी उलटेपर्यंत फिरते विक्रेते होते. आधी कागदी कप विकले, मग मिल्कशेकची यंत्रे. एका वेळी पाच शेक करणारी अशी आठ यंत्रे एकाच हॉटेलला कशाला लागतात, हे बघायला १९५४ मध्ये ते सॅन बर्नार्डिनोला गेले आणि या भावांचा धंदा पाहून थक्क झाले. १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची पहिली शाखा उघडली. १९६१ मध्ये २७ लाख डॉलर देऊन भावांकडून सगळा व्यवसायच विकत घेतला.

क्रॉक यांचे खरे गिऱ्हाईक होते मूल. मूल आले की मागून आई-बाप येणारच! नव्या शाखेसाठी जागा हेरताना ते विमानातून खाली शाळा कुठे दिसतात, ते बघत.

रोनाल्ड हा विदूषक मात्र त्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या शाखाचालकांनी तो टीव्हीवर आणला, पुढे कंपनीने तो देशभर नेला. वाचन आणि सुरक्षेचे धडे देत हाच रोनाल्ड शाळांमध्येही कार्यक्रम करू लागला. १९७९ मध्ये खेळण्यासह हॅपी मील आले. १९८४ मध्ये क्रॉक यांचे निधन झाले.

त्यांची युक्ती मात्र चालूच राहिली. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या सेमिनोल काउंटीत सरकारी प्राथमिक शाळांच्या प्रगतिपुस्तकांच्या वेष्टनावर रोनाल्ड झळकला. चांगले गुण किंवा चांगली हजेरी असेल, तर हॅपी मील फुकट! बदल्यात कंपनीने छपाईचा सुमारे १६०० डॉलर खर्च उचलला. मुले होती सुमारे २७ हजार. भागाकार करून बघा, एका मुलामागे सहा सेंटही पडत नाहीत. टीव्हीवरची जाहिरात पालक बंद करू शकतात. प्रगतिपुस्तकावर मात्र त्यांना सही करावी लागते. पालकांनी विरोध केला आणि जानेवारी २००८ मध्ये कंपनीने ही जाहिरात मागे घेतली.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांनाही, 'एफएसएसएआय'चे २०२० चे नियम लागू आहेत. जास्त मीठ, साखर किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. फाटकाबाहेर कोणत्याही दिशेला ५० मीटरपर्यंत हीच बंदी आहे.