उसाची युक्ती जगाला १९६६ मध्ये कळली, पण जगदीशचंद्र बोस यांना तिची चाहूल १९२४ मध्येच लागली होती

कोपरखैरणे स्टेशनबाहेर उसाचा रस पिताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा विचार कोण करतं? पण ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांच्याकडे एक भारी युक्ती आहे. हा वायू कमी मिळाला, तरी तो आधी आम्लाच्या रूपात साठवायचा आणि मग त्याची साखर बनवायची. या पद्धतीला सी-४ म्हणतात.

याच्याशी जगदीशचंद्र बोस यांचा काय संबंध? तेच बघू.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातला. इंग्लंडमध्ये शिकून ते १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय असल्यामुळे पगार गोऱ्यांपेक्षा कमी ठरला. त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही, शिकवणं मात्र चालू ठेवलं. शेवटी सरकार नमलं आणि मागचा सगळा पगार पूर्ण मिळाला.

रेडिओ लहरींवरच्या प्रयोगांनी नाव झालं, पण पुढे ते वनस्पतींकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था काढली. १९२० मध्ये त्यांचं चरित्र आलं, ते लिहिलं होतं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या पॅट्रिक गेडेस यांनी.

आता मुख्य गोष्ट. शाळेत चंचुपात्र, नरसाळं आणि हायड्रिलाचा प्रयोग केलेला आठवतो? त्याच पाणवनस्पतीवर बोस काम करत होते. तिच्यातून निघणारे ऑक्सिजनचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. त्यात दिसलं की उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते. उन्हाळ्यात तिच्यात मॅलिक आम्ल असतं आणि कार्बनसाठी ती ते वापरू शकते. हे सगळं त्यांनी १९२४ च्या पुस्तकात मांडलं.

असं का होतं? उन्हाळ्यात साचलेल्या, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात दिवसा कार्बन डायऑक्साइड फार कमी उरतो. मग हायड्रिला पद्धतच बदलते. उसातली सी-४ पद्धत ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उलगडली. हायड्रिलाही तशीच युक्ती वापरते, हे त्यानंतर सिद्ध झालं. तोवर बोस हयात नव्हते. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं होतं.

हायड्रिला जे एका ऋतूत करते, ते बाकीच्या वनस्पतींना जमायला लाखो वर्षं लागली. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, तेव्हापासून सी-४ पद्धत वेगवेगळ्या कुळांमध्ये साठहून जास्त वेळा स्वतंत्रपणे तयार झाली.

आज गाडी उलटी फिरली आहे. उद्योगयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. उसाला याचा फारसा फायदा नाही. नवी मुंबई वसण्याआधी या पट्ट्यात पिकणाऱ्या भाताला आहे, तो जास्त वाढतो. पण त्याच्या दाण्यातलं जस्त, लोह आणि प्रथिनं कमी होतात, असं प्रयोगांत दिसलंय.

वनस्पती बदलत्या हवेशी जुळवून घेतात, पण त्यांना वेळ लागतो. यावेळी आपण तो फक्त दोन-अडीचशे वर्षांचा दिलाय.