नीळकंठशास्त्री गोरे : विचारांनी घडलेले जीवन



काशीत गंगेच्या काठाने उत्तरेकडे चालत गेले की नागपूरकर भोसल्यांच्या घाटानंतर थोड्याच अंतरावर रामघाट लागतो. त्यापुढे जटार घाट, पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. मराठेशाहीच्या काळात या बाजूस मराठी सरदारांनी घाट बांधले, वाडे उभारले, आणि वेदशास्त्रांच्या अध्ययनासाठी आलेल्या दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. रामघाटावरील सांगवेद विद्यालयात आजही वेदांचे अध्ययन चालते. काशीच्या याच मराठी विद्वत्परंपरेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक तरुण वाढला. त्याच्या जीवनाकडे आज आपण पाहणार आहोत. त्याचे नाव नीळकंठशास्त्री गोरे. ख्रिस्ती जगत त्यांना फादर नहेम्या गोरे या नावाने ओळखते.

मनुष्य जसा विचार करतो तसा तो घडतो, हे आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकतो, आणि त्यासाठी नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायातील सातव्या वचनाचा आधार दिला जातो. पण ते वचन कोणाविषयी आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते एका कृपण यजमानाविषयी आहे. तो पाहुण्याला तोंडाने खाण्यापिण्याचा आग्रह करतो, परंतु मनात मात्र घासाघासाचा हिशेब ठेवतो. त्या ठिकाणच्या मूळ हिब्रू शब्दाला मनातल्या मनात हिशेब करणे अशी अर्थच्छटा आहे. म्हणजे शास्त्राचे सांगणे असे की, तोंडावरच्या शब्दांत खरा माणूस सापडत नाही. मनातल्या हिशेबात तो सापडतो. जिव्हा आणि मन यांतील हे अंतर मिटविण्यासाठी ज्याने आयुष्यभर किंमत मोजली, अशा पुरुषाचे चरित्र म्हणून गोरे यांचे चरित्र आपण वाचावे.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळील काशीपुरा या गावी एका चित्पावन कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा बांद्याच्या नवाबांच्या पदरी मोठ्या अधिकारावर होते. हे नवाब म्हणजे थोरल्या बाजीरावांचेच वंशज. अशा मानमरातबाच्या घरातील हा मुलगा काशीत लहानाचा मोठा झाला. व्याकरण आणि न्यायशास्त्र हे त्याच्या अध्ययनाचे मुख्य विषय होते. न्यायशास्त्राच्या अभ्यासाने त्याच्या मनाला एक शिस्त लागली, आणि पुढील सारे आयुष्य त्या शिस्तीने घडविले. ती शिस्त पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे आधी त्याच्याइतक्याच प्रामाणिकपणे मांडावयाचे, त्याचे बळ कमी करावयाचे नाही, आणि मगच उत्तर द्यावयाचे. या पद्धतीत एक मोठा धोका आहे, वाचकहो. प्रतिपक्षाचे म्हणणे खरोखर समजून घ्यावयाचे, तर त्याला काही काळ आपल्या मनात घर द्यावे लागते.

जॉन म्यूर या संस्कृतज्ञ स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा ख्रिस्ती धर्माचे समर्थन करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला पंडितांकडून उत्तरे आली. त्यांतील सर्वांत विस्तृत व सखोल उत्तर नीळकंठशास्त्र्यांचे होते. १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ त्यांनी संस्कृतात रचला, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस-वीस होते. कोणी आंधळा जन्मतो, कोणी दरिद्री; मुकी जनावरे दुःख भोगतात; याचे उत्तर पुनर्जन्म मानल्यावाचून कसे देणार? अल्पकाळाच्या पापासाठी अनंतकाळची शिक्षा हा न्याय कसा? हे त्यांचे प्रश्न होते. आजही कोणा विचारी मित्राने हे प्रश्न आपणांस विचारले, तर त्यांना हसून वाटेला लावता येणार नाही.

याच काळात काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांचा परिचय झाला. शास्त्रीबुवा गेले ते वाद करावयास. स्मिथसाहेब वादात त्यांच्या तोडीचे होते असे नव्हे. परंतु त्यांनी धीर सोडला नाही, आणि शास्त्रीबुवांच्या हाती पवित्र शास्त्र दिले. खंडन करावयाचे तर ग्रंथ नीट वाचावा लागणार. नीळकंठशास्त्री तो वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन अडले. ज्या प्रभूचे खंडन करावयाचे त्याची शिकवण त्यांना पवित्र वाटू लागली. पूर्वपक्ष मनात शिरला तो बाहेर निघेना.

येथे त्यांच्या स्वभावाची खरी कसोटी लागली. मनात एक आणि बाहेर दुसरे, असे जगणे त्यांना अशक्य नव्हते. घरी मान होता, विद्येची कीर्ती होती, प्रेमळ वडील होते, पत्नी होती. अनेकांनी असे अंतर मनात ठेवून आयुष्ये काढली आहेत. पण ज्या मनाला प्रतिपक्षाशीही खोटे वागू नये अशी सवय लागली होती, त्या मनाला स्वतःशी खोटे वागणे जमेना. काशीच्या वायव्येस सुमारे साठ किलोमीटरांवर असलेल्या जौनपूर येथे १४ मार्च १८४८ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. नहेम्या हे नाव त्यांनी घेतले. त्याचा अर्थ परमेश्वर सांत्वन करतो, असा आहे. आणि सांत्वनाची गरज त्यांना पुढे वारंवार लागणार होती.

पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, परंतु हा सहवास फार काळ लाभला नाही. १८५३ मध्ये काशीतच एलन लक्ष्मी ही मुलगी जन्मली, आणि थोड्याच दिवसांत आईचा मृत्यू झाला. तान्ह्या मुलीला आधी निळीच्या व्यवसायातील एका इंग्रज कुटुंबाने सांभाळले. १८५७ च्या धामधुमीत त्या कुटुंबाची वाताहत झाली, आणि मग एका मिशनरी कुटुंबाने तिला आपलेसे करून इंग्लंडला नेले. ती कवयित्री झाली, तिची भक्तिगीते इंग्रजी मंडळ्यांतून गायिली गेली, आणि १८८० मध्ये परत येऊन तिने भारतातच सेवा केली. परंतु पित्याच्या अंगणात ती वाढली नाही, हे सत्य उरतेच. विचारांशी प्रामाणिक राहण्याची किंमत केवळ विचार करणाऱ्यालाच द्यावी लागते असे नाही. गोरे यांचे चरित्र वाचताना हे दुःख झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंह इंग्लंडला निघाले, तेव्हा गोरे त्यांच्या समवेत पंडित म्हणून गेले. ज्या देशातून सुवार्ता आली तो देश प्रेषितांच्या काळातील मंडळीसारखा असेल, अशी त्यांची भोळी अपेक्षा होती. लंडनमधील धनाची धावपळ आणि भोगविलास पाहून त्यांचे मन विदीर्ण झाले. ऑक्सफर्डचे पंडित मॅक्समुल्लर यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे की, हा तरुण त्यांच्यापुढे अत्यंत खिन्न होऊन बसला होता, आणि हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, असे त्याला वाटत होते. तरीही गोरे प्रभूपासून दूर गेले नाहीत. ख्रिस्ताला त्याच्या अनुयायांवरून न मोजता, अनुयायांना ख्रिस्तावरून मोजावयास ते शिकले. विचाराची ही सूक्ष्म शिस्त नसती तर तो प्रवास त्यांच्या श्रद्धेचा शेवट ठरला असता.

परत आल्यावर त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये आले. भारतीय दर्शनांची चिकित्सा करणारा तो ग्रंथ आहे. त्याच्या निष्कर्षांशी सर्वच सहमत होतील असे नाही. परंतु तो लिहिणारा दर्शने आतून जाणत होता, हे त्याच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. १८६८ मध्ये त्यांना डीकनपद मिळाले आणि १८७० मध्ये ते पाळक झाले. १८७६ मध्ये काउली फादर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. मुंबई व पुणे येथे त्यांनी कार्य केले. राहणी अत्यंत साधी, वाणी मृदू, वृत्ती नम्र.

आणि तरीही, वाचकहो, त्या संघाची अखेरची व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. जवळजवळ वीस वर्षे ते उमेदवारच राहिले. शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. तरुणपणी म्यूरसाहेबांविरुद्ध उगारलेले प्रश्न रात्री-अपरात्री त्यांच्याच दाराशी येऊन उभे राहत. मनात पूर्ण निश्चय नसता ओठांनी व्रत उच्चारणे त्यांना अप्रामाणिकपणा वाटला. काही जण याला दुर्बलता म्हणतील. अतिचिकित्सेने त्यांच्या जिवाला पुष्कळ क्लेश दिले, हेही खरे. पण त्या कृपण यजमानाची आठवण करा. त्याच्या तोंडी आग्रह आहे आणि मनात हिशेब आहे. गोरे यांनी मनात जेवढे होते तेवढेच तोंडी आणले. या दोन्ही माणसांतील फरक विचारांनीच घडविला आहे.

शंका बाळगणाऱ्या या माणसाने दुसऱ्यांच्या श्रद्धेला आधार कसा दिला, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. रमाबाई इंग्लंडमध्ये असताना ब्राह्म मत आणि ख्रिस्ती विश्वास यांत त्यांचे मन घुटमळत होते. फादर गोरे यांनी भारतातून त्यांना पत्रे लिहून तो गुंता उलगडून दाखविला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. हे ऋण त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. जो स्वतः प्रत्येक पायरीवर थांबून विचार करीत आला होता, त्यालाच दुसऱ्याची अडलेली पायरी ओळखता आली. याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. एका प्रामाणिक विचाराची पालवी किती दूर फुटते, पाहा.

नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी आपण पश्चात्ताप हा शब्द वापरतो, तो शब्द आहे मेतानोया. पश्चात्ताप म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे अश्रू येतात. मागाहून होणारा ताप, असाच त्याचा अर्थ आहे. मेतानोया या शब्दात मात्र मन पालटणे, विचारांची दिशाच बदलणे हा अर्थ मुख्य आहे. अश्रू एका सायंकाळच्या सभेत येऊन जातात. मन पालटावयास आयुष्य लागते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल मनाच्या नवीकरणाविषयी सांगतो, तेव्हा तोही अशाच निरंतर चालणाऱ्या क्रियेविषयी बोलतो. नीळकंठशास्त्र्यांची मेतानोया जौनपूरला एका दिवसात पुरी झाली नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत ती चालूच होती.

आपल्यापैकी बहुतेकांना विश्वास वडिलोपार्जित घरासारखा मिळाला आहे. आपण त्यासाठी काशी सोडली नाही, आप्त सोडले नाहीत. म्हणून एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा. रविवारी जे मी तोंडाने म्हणतो आणि सोमवारी दुकानात, कचेरीत, भाऊबंदांच्या व्यवहारात जो हिशेब मनात करतो, ते दोन्ही एकच आहेत काय? आपला मुलगा किंवा मुलगी विश्वासाविषयी अवघड प्रश्न घेऊन आली, तर तिला गप्प बसवू नका. स्मिथसाहेबांनी त्या तरुण शास्त्र्याला गप्प बसविले नाही. त्याच्या हाती ग्रंथ दिला आणि वाट पाहिली. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ज्या गोष्टींचे मनन करावे म्हणून पौल सांगतो, त्यांत सर्वांत प्रथम सत्याचा उल्लेख आहे. जे सत्य आहे त्याचे मनन करीत राहणाऱ्याला कधी कधी झोप लागणार नाही. पण त्याच्या ओठांवर आणि अंतःकरणात दोन निरनिराळी माणसे राहणार नाहीत. असे एकसंध अंतःकरण प्रभू आपणां सर्वांस देवो.